'मागच्या वेळी सोसलं होतं' हा दिलासा नव्हे

हृदयाचं दुसरं ऑपरेशन ठरलेल्या रुग्णांना धीर देणारा एक मेसेज सध्या फिरतो आहे: 'रक्तस्राव कमी करणारं औषध मागच्या ऑपरेशनात सोसलं असेल, तर आता रिॲक्शन येत नाही. शिवाय आधी टेस्ट डोस देतातच. आणि ही औषधं सगळी सारखीच.' हेतू चांगला असेल, पण तिन्ही विधानं चुकीची आहेत, आणि पहिलं तर जिवावर बेतू शकतं.

मेसेजमधल्या इशाऱ्यासाठी महत्त्वाचं, रक्तस्राव कमी करणारं औषध म्हणजे अप्रोटिनिन: गायीच्या फुफ्फुसातून मिळवलेलं 58 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला ते अडवतं, म्हणून रक्तस्राव कमी होतो. पण शरीराला ते परकंच. पहिल्या वेळी तीव्र रिॲक्शन हजारात एकालाही येत नाही. मात्र त्याच वेळी शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करू शकतं. मग सहा महिन्यांच्या आत तेच औषध पुन्हा दिलं, तर शंभरात साधारण पाच जणांना रिॲक्शन येते. पुढे हे प्रमाण उतरतं, पण पहिल्या वेळेइतकं खाली येत नाही. म्हणूनच आधी अप्रोटिनिन मिळालं असेल, तर वर्षभराच्या आत ते पुन्हा देऊ नये, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आली.

'मला ते दिलंच नव्हतं' असं छातीठोकपणे सांगणंही अवघड आहे. टाके घातलेली जागा चिकटवण्यासाठी वापरतात त्या काही फायब्रिन ग्लूमध्येही अप्रोटिनिन असतं, आणि ग्लूची नोंद औषधांच्या यादीत सापडेलच असं नाही.

आता टेस्ट डोस. 1 मिलिलिटर औषध शिरेतून देऊन किमान 10 मिनिटं थांबतात. कधी एवढ्याशा थेंबांनीच रक्तदाब कोसळतो, तर कधी टेस्ट निर्धोक पार पडते आणि पूर्ण डोसला रिॲक्शन येते. म्हणूनच तीव्र रिॲक्शनवर द्यायचं ॲड्रिनालिन हाताशी ठेवतात, आणि हार्ट-लंग मशीन तातडीने जोडता येईल अशी तयारी झाल्याशिवाय पूर्ण डोस सुरू करत नाहीत.

औषधं सारखी तर नाहीतच. रक्तस्राव कमी करणारं दुसरं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हा कृत्रिम, लायसिन या अमिनो आम्लासारखा छोटा रेणू. त्याची ॲलर्जी फार दुर्मीळ, जास्त डोसात काळजी असते ती फिट (आकडी) येण्याची. प्रोटामिन हे ऑपरेशनात रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा परिणाम उतरवायला शेवटी देतात. ते माशांच्या शुक्रपेशींतून मिळतं, आणि प्रोटामिन असलेलं एनपीएच नावाच्या प्रकारचं इन्शुलिन घेणाऱ्यांमध्ये त्याच्या रिॲक्शनचा धोका वाढलेला असतो.

'अप्रोटिनिन 2007 मध्येच बंद झालं' हेही अर्धंच खरं. तेव्हा विक्री थांबली ती ॲलर्जीमुळे नव्हे, तर एका कॅनेडियन चाचणीत अप्रोटिनिन दिलेल्या गटातले मृत्यू जास्त दिसल्यामुळे. युरोपच्या औषध नियामकांनी 2012 मध्ये मर्यादित वापरासाठी ही स्थगिती उठवण्याची शिफारस केली.

म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतःहून सांगा: आधीच्या ऑपरेशनची तारीख, तेव्हा अप्रोटिनिन किंवा ग्लू वापरला होता का, आणि सध्या कोणतं इन्शुलिन चालू आहे. आधीचं काही आठवत नसेल, तर तेही सांगा आणि जुन्या ऑपरेशनचे कागद मागवून घ्या.