वेग एसएसडीचा, श्रेय विंडोज ७ ला

"दुरुस्त केलेल्या लॅपटॉपवर विंडोज ७ परत टाका, मशीन पळायला लागेल" हे जुन्या लॅपटॉपवरच्या एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे. लेखकाने त्याच दुरुस्तीत हार्ड डिस्क काढून एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान साठवण) बसवून घेतली, मग पळणारच ना! बाबांच्या जुन्या लॅपटॉपला आम्ही टिळक रस्त्यावरच्या दुकानात एसएसडी टाकून घेतली. विंडोज १० तसंच ठेवलं, तरी आता चहा गाळेपर्यंत मशीन सुरू झालेलं असतं.

आणि मुख्य मुद्दा राहिलाच. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, क्रोम ब्राउझरची १०९ नंतरची आवृत्ती त्यावर चालतच नाही. बाबा त्याच लॅपटॉपवर वीजबिल भरतात, पेन्शनचं खातं बघतात. त्यावर विंडोज ७ घालून बँकेचा पासवर्ड टाकायचा? जुना स्कॅनर चालवायचाय आणि नेट जोडणारच नसाल, तर खुशाल टाका ७. विंडोज १० ची मुदतही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली म्हणा. तूर्त आम्ही मुदतीनंतरही मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा अपडेटवर आहोत, पुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा विचार आहे. फुकट आहे, हलकंही आहे. बाबा अडून बसलेत ते फक्त त्यांच्या श्रीलिपीसाठी, म्हणजे विंडोजवरच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी.