खड्डा नाही तो

“काही नाही रे, खड्डा आहे नुसता. चल, अजून शेगाव गाठायचंय.”

आज सकाळी लोणार सरोवराच्या व्ह्यू पॉइंटवर एका बापाने आपल्या पोराला हे सांगितलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. पोरगं नऊ-दहा वर्षांचं असेल. कठड्याला धरून खाली बघत होतं. “पप्पा, खाली जायचं ना?” दोनदा विचारलं त्याने. बापाने हाताला धरून ओढला. आईने फोटो काढले. वेफर्सचं रिकामं पाकीट कठड्यापलीकडे गेलं आणि गाडी निघाली. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

१९९४ साली मी त्याच्याच वयाची होते. आबा मला मेहकरहून एसटीने घेऊन आले होते. फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदा. मीही काठावरून बघून म्हटलं होतं, आबा, हा तर खड्डा आहे. आबा रागावले नाहीत. म्हणाले, “वरून पाह्यलं तं खड्डाच दिसते माय. खाली उतरलं तं लोणार दिसते.” आणि धारेवर, म्हणजे काठावरच्या झऱ्यावर, हातपाय धुऊन आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.

अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आबांनी स्वतःच्या वहाणा माझ्या पायात चढवल्या, पुढे सुतळी बांधली आणि स्वतः अनवाणी चालले. काळ्या दगडावरून, दुपारच्या उन्हात, कमळजा देवीच्या देवळापर्यंत आणि परत.

मला सांगा, जो माणूस वरूनच परतला त्याने काय पाहिलं? काठावर उभं राहिलात तर पायाखालचे दगडाचे थर तरी बघा. आपल्याकडे शेतात विहीर खणली की काळ्या दगडाचे थर आडवे लागतात, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. लोणारच्या काठावर तेच थर वर उचललेत आणि बाहेरच्या अंगाला कललेत. उल्का येऊन आदळली, तेव्हा आतला दगड असा उसळून बाहेर पडला. सुमारे १.८ किलोमीटर व्यास. काठापासून पाण्यापर्यंत जवळजवळ १४० मीटर. आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट आठवा: लवणासुर जमिनीखाली लपला होता आणि विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं. हे दगड बघताना मला दर वेळी ती गोष्ट आठवते. बघणाऱ्याने नीट बघितलं होतं, एवढं नक्की.

इंग्रजांना हे १८२३ साली दिसलं, म्हणून पुस्तकांत तिथून सुरुवात करतात. आमच्या गावच्या बाया त्याआधीपासून इथला खार पापडात घालत होत्या. पुढे शे-दीडशे वर्षं शास्त्रज्ञ ज्वालामुखी की उल्का, यावर भांडत बसले. मग दगडात ती काच सापडली. आघाताच्या दाबाने दगडातलं खनिज न वितळता काच होतं, त्याला मास्केलिनाइट म्हणतात. १९७३ साली ते छापून आलं आणि वाद बराचसा मिटला. वय मात्र अजून ठरत नाही. आधी सुमारे ५२ हजार वर्षं म्हणत, नंतरच्या मोजणीत ५ लाख ७० हजार आलं. चंद्रावरच्या विवरांशी ताडून बघायला जगभरातून लोक इथे येतात, आणि आपण शेगावच्या वाटेवर गाडीतून उतरून परत चढतो!

आबांच्या खिशात एक लोहचुंबक होतं, जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं. पाण्याकाठी त्यांनी ते वाळूत फिरवलं. काळी रेती केसांसारखी उभी राहून त्याला चिकटली. “हे ताऱ्याचं पीठ हाये,” म्हणाले. पुढे कॉलेजात कळलं की ते ताऱ्याचं नाही, आपल्याच काळ्या दगडातलं मॅग्नेटाइट आहे. मान्य. शास्त्र आबांच्या बाजूने नव्हतं. पण ती रेती पाहिली नसती तर मी भूगोल घेतलाच नसता.

२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर लोणार होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, राज्यातलं दुसरं ठिकाण. तेव्हा अभिमान वाटणारे आज कुठे आहेत? मला आज व्ह्यू पॉइंटवर एकाने सांगितलं, “इथं रोपवे पाहिजे मॅडम, मग पब्लिक येईल.” मी त्याच्याशी बोलूच शकले नाही. घसा दाटून आला होता.

हो, सगळ्यांना उतरता येत नाही. गुडघे दुखतात, उन्हाळ्यात दगड भाजतो. माझी सासू गेल्या वर्षी वरूनच हात जोडून परतली आणि तिचं दर्शन झालं नाही असं मी कधी म्हणणार नाही. पण ते पोरगं धडधाकट होतं. ते विचारत होतं.

ते गेल्यावर मी एकटीच उतरले. खाली मोर ओरडत होते. पडक्या देवळांच्या दगडांवर वानरं बसली होती. पाण्याचा तो वास, अंड्यासारखा, पहिल्यांदा येणाऱ्याला नको होतो. मला तो आला की आबा आठवतात. वाटेत रामगयेचं देऊळ लागलं, तिथे थोडी टेकले. राग तिथेच बराचसा उतरला. त्या बापालाही कदाचित कुणी कधी खाली नेलं नसेल. त्याचे आबा नव्हते, असतील तर त्यांना वेळ नव्हता. त्याच्यावर ओरडायचं राहून गेलं हे बरंच झालं. पण त्या पोराशी तरी बोलायला हवं होतं मी. लोहचुंबक माझ्या पर्समध्ये होतं. काढून त्याच्या हातात द्यायला किती वेळ लागला असता?

परत चढताना ज्या पायरीजवळ चपलेचा अंगठा तुटला होता, ती जागा शोधली. नक्की कोणती ते आता कळत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर आजीने आबांच्या तळपायाला तेल लावलं होतं. पाय सोललेले होते आणि आबा तिला चुंबकाची गंमत सांगत होते.

येत्या रविवारी सकाळी सहाला मेहकर स्टँडवरून निघतेय. आधी धार, मग खाली कमळजेपर्यंत, आणि जमलं तर काठाकाठाने फेरी, ती साधारण सहा किलोमीटरची आहे. पायात बूट घाला, माणशी दोन लिटर पाणी आणा, आपला कचरा आपल्या पिशवीत. पोरांना नक्की आणा. चुंबक मी आणते.