समुद्र कुठे पळून जातोय?

मे महिन्यातला रविवार, तुम्ही दोघं आणि अलिबाग एवढं जमलं की आणखी काही ठरवायची गरज नाही. दिवस निवडताना फक्त सुट्टी बघा. तिथी बघणं हे उपासतापास करणाऱ्यांचं काम. स्वयंपाकघरात कॅलेंडर टांगलेलं असतं ते दुधाचे खाडे लिहायला.

कोळीवाड्यात एक हिशेब चालतो, तो तर कानावरही येऊ देऊ नका. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि ओहोटी सहा तास अलीकडे-पलीकडे, नऊला. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी कधी जाता येईल ते एवढ्यावरून घरबसल्या कळतं. पण सगळं घरीच कळलं तर किनाऱ्यावर जाऊन भांडायचं कशावरून?

हिशेब करायचाच असेल, तर अष्टमी गाठा. आठ पाऊण सहा, म्हणजे ओहोटी बरोबर बाराला. सावकाश उठा, पोहे खा, निघा. अष्टमीला भांग असतं. पाणी चढतंही थोडं, उतरतंही थोडं. त्यामुळे ओहोटीच्या ऐन तळाशीही वाट पुरती उघडी पडेल याचा भरवसा नाही, आणि गुडघाभर पाण्यात, डोक्यावर मे महिन्याचं ऊन घेऊन, ‘तूच म्हणालास बाराला ओहोटी’ हे वाक्य ऐकायला मिळतं. पाणी खरं लांबवर ओढतं ते उधाणात, अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला. मात्र तेव्हा सकाळची ओहोटी साडेसात ते साडेआठची. तिच्यासाठी आदल्या रात्री अलिबागला मुक्काम करावा लागतो, आणि मुक्कामाला दोघांच्याही घरी कारण सांगावं लागतं.

गेटवेवरून मांडव्याची बोट घ्या. तासाभराचा प्रवास. वरच्या डेकवर बसायचे जादा पैसे आवर्जून भरा, कारण वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि कातडी किती भाजली ते संध्याकाळी आंघोळीच्या वेळीच समजतं. सनस्क्रीन सोबत असेल तर ते बॅगेच्या तळाशी ठेवा. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. पण नवऱ्याच्या मते त्याला ऊन लागतच नाही. सीगलसाठी गाठ्यांचं पाकीट विसरू नका. हे पक्षी थंडीचे पाहुणे, मेपर्यंत कधीच परतलेले असतात. गाठ्या शेवटी तुम्हीच खाल आणि मांडव्यापर्यंत तहानेनं घसा कोरडा पडेल.

स्वतःची गाडी असेल तर आणखी उत्तम. २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून रोरो आहे, गाडीसकट पलीकडे जाता येतं. अटल सेतूवरून वडखळमार्गेही जाता येतं. रविवारी सकाळी वडखळ नाक्यावर दोघांना एकमेकांशी बोलायला पुष्कळ वेळ मिळतो. पोचल्यावर गाडी थेट वाळूत घाला. मनाईचा फलक दिसेल, तो इतरांसाठी आहे. पाण्यालगतची ओली वाळू डांबरासारखी टणक वाटते आणि गाडी चालती असेपर्यंत ती साथही देते. तुम्ही फोटोसाठी थांबलात की चाकांच्या वजनानं खालचं पाणी वर येतं, वाळू सैल होते आणि टायर चार बोटं खाली जातात. अशा वेळी अॅक्सिलरेटर जोरात दाबा. चाक जागच्या जागी फिरून स्वतःचा खड्डा स्वतः खणतं आणि गाडीचं पोट वाळूवर टेकतं. चाकापुढची वाळू हातानं उकरून, पायपुसण्या अंथरून, हवा थोडी कमी करून गाडी हळूच काढणारे लोक असतात, पण त्यांना घाई कळत नाही. त्यानंतर ट्रॅक्टरवाला येतो. भाव तो ठरवतो. भरती चढत असेल तर तोही वर चढतो. खारं पाणी वायरिंगमध्ये शिरलं की दुरुस्ती पुढे काही महिने पुरते.

किल्ल्याकडे निघताना नवी सँडल घाला. मधला पट्टा सगळा वाळूचा नाही. खडक आहेत, त्यांवर शेवाळ आहे आणि कालवांच्या धारदार शिंपा चिकटलेल्या आहेत. पट्टा घट्ट असलेली जुनी रबरी चप्पल इथे चालते, म्हणून ती घरी ठेवा. सँडल हातात घेऊन अनवाणी चालणं फोटोत फार छान दिसतं. पाय कापला की घोडागाडी आहेच. छत्रीही घ्या, फोल्डिंगची. दुपारी खारे वारे सुटले की ती उलटी होते, आणि ती सुलटी करण्यात तुमचा एकत्र घालवलेला वेळ सत्कारणी लागतो.

किल्ल्यात बघण्यासारखं फारसं काही नाही असं ठरवूनच जा. चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचलेला तट आहे. लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा म्हणून तसा रचलेला. चहूकडे खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले होते, कान्होजी आंग्र्यांनी त्यांना हात हलवत परत पाठवलं. तुम्ही त्यांच्यापेक्षा भाग्यवान, आत सहज शिरलात. आता बदामात नावं कोरा. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याखाली याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निदान कोर्टाच्या तारखा तरी दोघांना जोडीनं करता येतील.

परतायची घाई करू नका. घोडागाडीवाला ‘चला ताई, पाणी वळलं’ म्हणाला, तर त्याला गिऱ्हाईक हवंय असं एकमेकांना समजावून सांगा. पाणी वळल्यावरच्या पहिल्या तासात ते जेमतेम चढतं. सहा तासांतल्या एकूण चढाचा बारावा हिस्सा. ते बघून तुमची खात्री पटते. मग तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मा चढ एकदम येतो. शिवाय पाणी समोरून येत नाही. तुम्ही तटावरून पश्चिमेला सूर्य बघत असता आणि ते मागून, किनाऱ्याच्या बाजूच्या सखल पट्ट्यात भरत असतं. ‘किल्ला कुठे पळून जातोय, समुद्र कुठे पळून जातोय’ असं म्हणणाऱ्या नवऱ्यांनी हा भाग वगळला तरी चालेल. तो रोज दोनदा पळतो आणि दोनदा परत येतो, दररोज आधीच्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा. एवढा नियमितपणा घरात कुणाकडेच नसल्यामुळे लक्षात येत नाही.

जेवायला अडीचला जा. सुरमईची थाळी तोवर संपलेली असते आणि बांगड्यावर भागतं. बांगडा खरं तर जास्त चविष्ट, पण हे नवऱ्यानं सांगू नये. निघताना पांढऱ्या कांद्याच्या माळा घ्या, इथल्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. दोन घ्या, एक तुमच्या आईला आणि एक त्यांच्या. कुठली मोठी, हा प्रश्न मांडव्याच्या बसमध्ये चर्चेला घ्या. रविवारी संध्याकाळी बोटीच्या रांगेत त्याला भरपूर वेळ मिळतो.

पुढच्या सहलीची तारीख परतीच्या बोटीतच ठरवून टाका. जूनचा दुसरा रविवार चांगला. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत गेटवेच्या बोटी बंद असतात, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीपुढे अजिबात गर्दी नसते.