पेटीतल्या घुबडांवर करणीचा आळ

‘घरावर, गोठ्यावर किंवा शेडवर पांढऱ्या तोंडाच्या घुबडाने पिल्लं घातली असतील तर सात दिवसांच्या आत हटवा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या फिरतोय. खाली सात मुद्दे, हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि शेवटी ‘अकरा जणांना पाठवा, अनुभव घ्या’. तीन-चार ग्रुपांतून आला तोवर मी तो गुपचूप डिलीट करत होतो. मग तो आत्याकडून आला आणि पाठोपाठ तिचा फोन: “अरे, शेडवरची ती पेटी काढून टाक बाबा. घरात लग्नकार्य आहे.”

आत्या निवृत्त शिक्षिका. आम्हा भावंडांना कोणीही काहीही सांगितलं की “कशावरून?” हे तिचं ठरलेलं. तिने हे पुढे पाठवावं म्हटल्यावर डोक्यात तिडीकच गेली.

पेटीबद्दल थोडक्यात सांगतो. वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे आणि उसाबरोबर उंदीर आलेच. म्हणून शेडच्या भिंतीवर उंचावर घुबडांसाठी लाकडी पेटी ठोकली. तिच्यात गव्हाणी घुबडाची, म्हणजे मेसेजमधल्या त्या पांढऱ्या तोंडाच्या घुबडाची, जोडी राहायला आली आणि आता पिल्लं आहेत. चुलतभावाने आत अंधारात दिसणारा छोटा कॅमेरा लावलाय. रात्री जेवणं उरकली की घरातली टीव्हीची मालिका बंद आणि मोबाईलवर हे सुरू.

आता मेसेज. त्यातला फोटो बघूनच हसू आलं. ताठ उभी, टक्कल पडल्यासारखी, काळ्या डोळ्यांची ती पिल्लं 2017 साली विशाखापट्टणमच्या एका बांधकामावरच्या व्हिडिओत होती. तेव्हा लोकांनी त्यांना एलियन ठरवलं होतं. आता बढती होऊन ती पिशाच्चं झाली.

‘हा पक्षी परदेशी आहे, तिकडे त्याला मारायला सरकार बक्षीस देतं.’ परदेशी नाही. गव्हाणी घुबड आपल्याकडचंच आहे, जुने वाडे, देवळांचे कोनाडे, विहिरींच्या कपारी यांत पूर्वापार राहतंय. बक्षिसाच्या गोष्टीत मात्र अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर 1950 च्या सुमारास उंदीर आवरायला ही घुबडं बाहेरून नेऊन सोडली. तिथे त्यांनी उंदरांबरोबर बेटावरच्या समुद्रपक्ष्यांवरही ताव मारला आणि पुढे त्यांना मारण्यासाठी खरंच बक्षीस लावावं लागलं. पण ती चूक उपऱ्या जागी नेऊन सोडणाऱ्या माणसांची. सांगली जिल्ह्यातलं घुबड सांगली जिल्ह्यातला उंदीर खातंय, त्याचा सेशेल्सशी काय संबंध?

‘लहान मुलांचे डोळे फोडतात.’ पिल्लांच्या तोंडाशी हात घातलात तर नख्या लागतील, आणि लागायलाच हव्यात. एरवी हा पक्षी माणूस दिसला की उडून जातो.

‘घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीत घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो.’ हे आजीकडून ऐकलेलं आहे आणि खरं सांगायचं तर सातांपैकी हा एकच मुद्दा मला आवडतो. निदान यामुळे कोणी दगड तरी मारत नाही. राहू द्या.

‘त्याचं ओरडणं ऐकलं की घरात मृत्यू होतो.’ मेसेजसोबत पुरावा म्हणून एक ऑडिओ जोडलाय, त्यात घूऽऽ घूऽऽ असा घुमणारा आवाज आहे. गव्हाणी घुबड असं घुमतच नाही. ते चिरकतं, एकदम घसा फाडल्यासारखं. म्हणजे आरोपी एक आणि आवाज दुसऱ्याचा. बाकी, गावात माणसं मरतात आणि रात्री घुबडंही ओरडतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

मग येतो तो मुद्दा, ज्याने आत्या खरी घाबरली: ‘पेटीखाली केस आणि हाडांचे काळे गोळे सापडतात, हा करणीचा पुरावा.’ गोळे सापडतात, अगदी खरं आहे. आमच्या शेडखाली तर सडा पडतो. घुबड उंदीर सहसा अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत. पोटात त्यांचा घट्ट गोळा वळला जातो आणि काही तासांनी घुबड तो तोंडावाटे टाकून देतं. ताजा असताना तो काळा आणि चकचकीत असतो, वाळला की करडा पडतो. करणीबिरणी काही नाही, जेवणानंतरचं खरकटं आहे ते.

आत्याला मी म्हटलं, ये आणि फोडून बघ. ती आली नाही, पण तिच्या नाती आल्या. हातमोजे घालून गोळा कोमट पाण्यात भिजवायचा, चिमट्याने केस सोडवायचे. बोटभर गोळ्यातून अख्ख्या कवट्या निघतात, बरगड्या निघतात, शेपटीचे मणी निघतात. उंदराची कवटी ओळखायला सोपी: पुढे वाकलेले पिवळट-नारिंगी दात, मग मोकळी जागा आणि मागे दाढा. चिचुंद्रीची कवटी निमुळती, दात पांढरे, टोकदार आणि सलग. धाकटीने कवट्या धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, आणि उसात कोण कोण हिंडतं याची यादीच समोर आली. करणी करणाऱ्या कुठल्या बाबाने इतका चोख हिशेब दिलाय?

सहावा मुद्दा सगळ्यांत विषारी. ‘या घुबडाचं थोरलं पिल्लू धाकट्याला खातं. म्हणून ज्या घरावर ते राहतं तिथे भाऊबंदकी लागते.’ लग्नघर, त्यात वाटण्यांचं भिजत घोंगडं. नेमक्या जखमेवर मीठ चोळणारं वाक्य आहे हे.

आधी खरं काय ते. घुबडाची मादी सगळी अंडी एका दिवशी घालत नाही, मध्ये दोन-तीन दिवस जातात. ती पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे साधारण महिन्याभराने पिल्लंही तशीच दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक करून बाहेर येतात. आमच्या पेटीत थोरल्याला पिसं फुटायला लागली तेव्हा धाकटं कापसाच्या बोळ्याएवढं होतं. मेसेजमध्ये सत्याचा अंश आहे तो इथे. खाणं फारच कमी पडलं तर सगळ्यांत लहान पिल्लू मरतं आणि कधी कधी बाकीची ते खातातही. ते बघायला भयंकर आहे, मी नाकारत नाही.

पण पोटभर मिळत असेल तर हीच पिल्लं काय करतात? स्वित्झर्लंडमधले शास्त्रज्ञ अलेक्झांडर रूलँ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पेट्यांमधल्या गव्हाणी घुबडांचा अभ्यास करताहेत. त्यांचा 2000 सालचा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आहे. आई-बाप शिकारीला गेलेले असताना पिल्लं आपसात फुसफुसत राहतात. आम्हाला वाटायचं, भुकेने रडताहेत. पण आई-बाप जवळ नसताना रडून ऐकवायचं कोणाला? ती एकमेकांना ऐकवत असतात. ज्याला जास्त भूक तो जास्त फुसफुसतो, ते ऐकून बाकीचे गप्प होतात आणि पुढचा उंदीर आला की त्याच्यासाठी फारशी झोंबाझोंबी करत नाहीत. भांडणाआधीच बोलणी! 2020 साली याच गटाने पुढचं दाखवलं: खाणं मुबलक असताना थोरली पिल्लं आपल्या वाट्याचा उंदीर धाकट्यांना देतात. कोणाला? जास्त भुकेल्याला, किंवा आपली पिसं चोचीने साफ करून देणाऱ्याला. हे वाचण्याआधी आमच्या कॅमेऱ्यात थोरलं पिल्लू उंदीर तोंडात धरून कोपऱ्यातल्या धाकट्याकडे गेलं, तेव्हा ते धाकट्याला खिजवतंय असंच आम्हाला वाटलं होतं. त्याने तो धाकट्यासमोर ठेवला. धाकट्याने गिळला, आणि शेपटी तोंडाबाहेर लोंबत ठेवून बराच वेळ बसून राहिला.

थोडक्यात, भावाला खायचं की भरवायचं हे पेटीत किती उंदीर येतात यावर ठरतं. आमच्या घरातल्या वाटण्यांचं खापर त्या पिल्लांवर फोडू नका. त्याला आम्ही सख्खे-चुलत पुरेसे आहोत.

राहिला सातवा मुद्दा, म्हणजे उपाय. इथे मात्र थट्टा पुरे. ‘पेटीत मिरचीचा धूर करा, पिल्लं पोत्यात घालून रानात सोडा आणि उंदरांसाठी औषध टाका.’ न उडणारी पिल्लं धुरातून पळणार कुठे? ती आत गुदमरून मरतील. पोत्यातून रानात सोडलेली उपाशी मरतील, कारण त्यांना उडायला जवळजवळ दोन महिने लागतात आणि त्यानंतरही काही आठवडे आई-बापच भरवतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पक्षी संरक्षित आहे. घरटं मोडणं, पिल्लं पळवणं हा गुन्हा आहे. मेसेज लिहिणाऱ्याचं नाव खाली नाही. सापडाल ते धूर करणारे तुम्ही.

आणि औषध. ब्रोमाडायोलोन हे उंदीर मारायचं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जगतो. सुस्तावतो, उघड्यावर येतो, म्हणजे घुबडाला आयता मिळतो. ते विष घुबडाच्या यकृतात साठत जातं. एक तर शेतात पेटी लावा किंवा हे औषध टाका. दोन्ही केलंत तर पिल्लांना विष भरवायला आई-बापांनाच लावाल. घुबडं सगळे उंदीर संपवतील असंही मी म्हणत नाही. मोठी घूस त्यांना पेलत नाही, तिच्यासाठी आमच्याकडे अजून पिंजरेच आहेत.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर या घुबडांचे आई-बाप त्याला सहसा जमिनीवर येऊन भरवत नाहीत, म्हणून ते तिथेच ठेवू नका. माणसाचा हात लागला की आई टाकून देते ही आणखी एक थाप आहे. धडधाकट असेल तर जाड फडक्यात धरून परत पेटीत ठेवा. जखमी असेल तर वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा, आणि माणसं येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. त्याला दूध-पोळी भरवू नका, ते उंदीर खाणारं पिल्लू आहे.