रिकाम्या घरात कसलं सावरणं?

‘मूल सुरक्षित जागी गेलं की पालकांना सावरायला उसंत मिळते’ हे, बालसंरक्षण यंत्रणा पालकांकडून मूल काढून घेते त्याबद्दलच्या लेखातलं वाक्य खटकलं. समुपदेशक म्हणून मी असं मूल काढून नेलेल्या आयांसोबत बसले आहे. उसंत कसली, रिकामं घर खायला उठतं. मूल दगावलं तर चार माणसं भेटायला तरी येतात. इथे शेजारीही नजर चुकवतात. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या २०१८च्या अभ्यासात तर मूल दगावलेल्या आयांपेक्षा यंत्रणेमुळे मुलाचा ताबा गेलेल्या आयांमध्ये नैराश्य आणि चिंताविकार जास्त आढळले होते.

शिवाय मुलाच्या भेटीच्या वेळी आई रडली तर यंत्रणेच्या लेखी ‘अस्थिर’, नाही रडली तर ‘माया नाही’! नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या तर यंत्रणेतले लोक त्याच आपल्याविरुद्ध वापरतील, या धास्तीने एक जण डॉक्टरांकडे जायलाच तयार नव्हती. (बापांना तर कुणी विचारतही नाही.)