‘ओमा’ दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक यादी फिरतेय. तिचं म्हणणं असं: डॉक्टरी शब्द ग्रीक-लॅटिन तुकडे जोडून बनतात. ‘ओमा’ म्हणजे कॅन्सर, ‘आयटिस’ म्हणजे इन्फेक्शन, ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. एवढं पाठ करा, रिपोर्ट घरीच वाचा. हे शब्द अवघड ठेवलेत तेच मुळी पेशंटला काही कळू नये म्हणून.

शब्द तुकड्यांचे बनतात, हे खरं. पुढे मात्र घोळच घोळ आहे. मी पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. ही यादी वाचून घाबरलेली माणसं रोज समोर येतात, म्हणून लिहितेय.

आधी ‘ओमा’. एका काकूंनी काउंटरवरच पाकीट फोडलं आणि ‘लायपोमा’वर बोट ठेवून म्हणाल्या, “अगं, शेवटी ओमाच आहे की!” बोट थरथरत होतं. लायपोमा म्हणजे चरबीची साधी गाठ. शेजारीच ‘बिनाइन’, म्हणजे कॅन्सर नसलेली, असं छापलं होतं, पण यादी डोक्यात बसलेली, नजर तिथे जाणार कशी? हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, त्यात गाठ नसतेच. ट्रॅकोमा हा डोळ्यांचा संसर्ग. उलट लिम्फोमा आणि मेलॅनोमा हे खरोखरच कॅन्सर. आणि ल्युकेमिया? तो रक्ताचा कॅन्सर असूनही त्यात ‘ओमा’ नाही. १८४७ मध्ये जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी दिलेल्या त्या नावाचा अर्थ फक्त ‘पांढरं रक्त’. म्हणजे यादी वाचून एक जण उगाच रडेल आणि दुसरा निर्धास्त राहील. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

‘आयटिस’ म्हणजे दाह. इन्फेक्शन हे दाहाचं एक कारण, एकमेव नव्हे. गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये जंतू नसतात. सकाळी उठल्या उठल्या शिंका आणणारा अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिसही जंतूंमुळे होत नाही. त्यावर घरात उरलेली अँटिबायोटिकची पट्टी संपवू नका.

सगळ्यात घातक ओळ हायपर-हायपोची, कारण ती शब्दशः बरोबर आहे. थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, वाढलेला दिसला की लोक म्हणतात, “माझं थायरॉइड वाढलंय, म्हणजे हायपर.” बहुतेक वेळा गोष्ट नेमकी उलटी असते. टीएसएच थायरॉइड ग्रंथी बनवत नाही, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी बनवते. थायरॉइडचं काम मंदावलं की पिट्युटरी ‘अजून बनव, अजून बनव’ म्हणून टीएसएच वाढवते. आकडा वर आणि आजार हायपो! त्यावर थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी देतात. तीच गोळी हायपरच्या माणसाने घेतली तर आधीच धडधडणारं हृदय आणखी धडधडेल. हे गणित शब्दाच्या तुकड्यात कुठेच लिहिलेलं नाही.

अ‍ॅनिमियाचंही तसंच. शब्दार्थ ‘रक्त नसणं’, पण कमी असतं ते हिमोग्लोबिन.

राहिला लपवाछपवीचा आरोप. एकाच अवयवाला ठिकठिकाणी वेगवेगळी नावं पडली होती. तो गोंधळ आवरायला शरीररचनातज्ज्ञांनी १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला लॅटिन नावांची एक यादी मान्य केली. ससूनमधल्या आणि टोकियोतल्या डॉक्टरला एकच हाड एकाच नावाने कळावं, एवढाच त्यातला हेतू.

डॉक्टर नीट समजावून सांगत नाहीत, ही तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत पेशंटला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा आणि संकोच न करता म्हणा, “डॉक्टर, हे मला मराठीत सांगा.” न समजलं तर पुन्हा विचारा.