शिडाला वारा लागला म्हणे!

वडोदऱ्यात राहून मुंबईच्या बंदरात शिडाची होडी ठेवायची हौस, तिची शिक्षा विमावाले देतात. शीड फाटलं म्हटलं की इथल्या शाखेतले साहेब विचारतात, "गाडीचा नंबर?" त्यांचंही बरोबर म्हणा, विश्वामित्रीला पूर आला की बुडालेल्या मोटारींचेच क्लेम येतात त्यांच्याकडे.

खरी मेख कलमात आहे. पॉलिसीला जोडलेली इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेस, म्हणजे हौशी होड्यांच्या विम्याची ठरावीक छापील कलमं, १९८५ सालची. उभारलेलं शीड वाऱ्याने फाटलं किंवा उडून गेलं, तर भरपाई नाही! डोलकाठी मोडून फाटलं, होडी रुतली किंवा धडकली, तरच. अहो, शीड वाऱ्यासाठी नाही तर काय कुरडया वाळवायला उभारतात? बरं, काठीमुळेच फाटलं हे घसा कोरडा करून पटवलं, तरी नव्या शिडाच्या खर्चातून एक तृतीयांशापर्यंत कापायची त्यांना मुभा. वर सर्व्हेअरचं फर्मान, "फाटका कपडा घेऊन या." ते डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिएस्टर कापडाचं, ताठ, खारट भेंडोळं रेल्वेतून ओढत आणायचं, आणि हा पठ्ठ्या नखाने शिवण उसकून म्हणणार, "ही तर झीज आहे."

हप्त्याचा मेसेज मात्र न चुकता येतो. तोही सकाळी सातला.